निखाऱ्यावरचे पांघरूण



पेडणे तालुक्यातील आमच्या घरी माझ्या लहानपणी चूल कधी पुरती विझत नसे. रात्रीची जेवणे उरकली, भांडी घासून पालथी पडली, म्हणजे आजी चुलीतले करवंटीचे चार मोठे निखारे चिमट्याने एका कोपऱ्यात ओढी आणि त्यांवर राखेचा जाड थर दाबून बसवी. पहाटे ती राख बाजूला सारून फुंकणीने दोन फुंका घातल्या की निखारे पुन्हा रसरसू लागत. नाताळच्या दिवसांत हेच निखारे बेबिंकाच्या भांड्याच्या झाकणावर रचले जात. तेव्हा मात्र त्यांवर राख साचू दिली जात नसे. आम्हां मुलांना विंझणवारा घालीत बसवले जाई आणि तासाभरात करवंट्यांचा ढीग नाहीसा होई. कोळसा तोच, चूलही तीच. पण एकदा तो रात्रभर पुरे आणि एकदा तासाभरात संपे. राखेखाली हवा पोहोचत नाही, म्हणून कोळसा तापलेला राहूनही जळत नाही, ही गोष्ट आजीने कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती.

आज ज्या विषयावर मी चार शब्द बोलणार आहे, तो या चुलीपासून फार दूर आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. कार्बनच्या संमिश्र पदार्थांना प्रखर उष्णतेत जळू न देण्यासाठी सिरॅमिकची, म्हणजे मृत्तिकाद्रव्यांची, कवचे कशी चढवतात, हा तो विषय. मी डिचोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते; या शास्त्रातील संशोधक नव्हे. तथापि हा विषय आपल्या दाराशी येऊन उभा राहिला आहे. मोपाच्या सड्यावर, जेथे आम्ही लहानपणी करवंदे वेचीत असू, तेथे ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमाने उतरू लागली. त्यानंतर थोड्याच दिवसांत नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "बाई, सायकलचा ब्रेक उतारावर दाबून धरला तर रबर तापून वास येतो. मग विमानाच्या ब्रेकचे काय होत असेल?"

प्रश्न सरळ होता. हिशेब करून पाहा. मध्यम आकाराचे प्रवासी विमान उतरताना सुमारे साठ टन वजनाचे असते आणि त्याचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. ती सारी गती धावपट्टी संपण्याच्या आत उष्णतेत जिरवायची. एवढ्या उष्णतेत सुमारे पाचशे लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. पंखांवरच्या उभ्या होणाऱ्या झडपा आणि इंजिनांचा उलटा झोत यांनी पुष्कळसा भार उचलला जातो, हे खरे. परंतु उरलेला भार चाकांच्या पोटात बसवलेल्या चकत्यांवर पडतो. नेहमीच्या उतरण्यात त्या काही शे अंशांपर्यंत तापतात. उड्डाणाच्या ऐन क्षणी काही बिघाड दिसून वैमानिकाला भरधाव विमान जागीच रोखावे लागले, तर त्याच चकत्या हजार अंशांच्याही पलीकडे जातात. त्या वेळी आत दोनशे माणसे बसलेली असतात.

पूर्वी या चकत्या पोलादाच्या असत. आज एअरबस ए-३२० सारख्या विमानांत त्या कार्बनच्या असतात. कार्बन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोळसा, काजळी, पेन्सिलीतले शिसे अशा ठिसूळ आणि हात काळे करणाऱ्या वस्तू येतात. येथे कार्बन वेगळ्या रूपात आहे. कार्बनच्या केसाहून बारीक तंतूंचे कापड विणतात किंवा त्याचे थर सुयांनी टोचून जोडतात. त्यात राळ किंवा डांबरी द्रव्य मुरवतात आणि हवा न लागू देता भट्टीत तापवतात. राळेतील बाकीचे सारे उडून जाते आणि कार्बन तेवढा मागे उरतो. जंगलात लाकडांवर माती लिंपून कोळसा पाडतात, त्याचाच हा थोरला भाऊ. राळ उडाल्याने पडलेली भोके भरण्यासाठी तीच क्रिया पुनःपुन्हा करतात, अथवा भट्टीत मिथेनसारखा वायू सोडून त्यातला कार्बन भोकांच्या भिंतींवर बसू देतात. एक चकती तयार व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. अशा रीतीने कार्बनच्या तंतूंभोवती कार्बनच भरलेला हा पदार्थ, म्हणून त्याला कार्बन-कार्बन असे जोडनाव आहे. अमेरिकेत १९५८ साली एका विमान कारखान्याच्या प्रयोगशाळेत दुसरेच काही मोजत असताना तो अनवधानाने हाती लागला असे सांगतात.

त्याचे गुण पाहिले तर थक्क व्हायला होते. पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी वजन. पोलाद तापले की मऊ पडते, हा मात्र दोन हजार अंशांपर्यंत आपले बळ सोडीत नाही. उलट थोडा अधिकच ताठ होतो. तो वितळत नाही. तापवल्यावर फारसा फुगत नाही, म्हणून एकदम तापवून एकदम निववला तरी तडकत नाही. सारे गुण एका बाजूला आणि एकच अवगुण दुसऱ्या बाजूला: त्याला हवा सोसत नाही. चारशे अंशांच्या पुढे गेला की हवेतील ऑक्सिजन त्याला खाऊ लागतो.

येथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे. ऑक्सिजन लोखंडालाही खातो, अ‍ॅल्युमिनियमलाही खातो. पण अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक घट्ट पापुद्रा बसतो आणि पुढची झीज थांबते. आपल्या घरातील पातेली त्यामुळेच टिकतात. लोखंडाचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. कार्बनचा ऑक्साइड मात्र वायू आहे. तो उडून जातो. मागे पापुद्रा नाही, गंज नाही, काही खूण नाही. वरून चकती जशीच्या तशी दिसते आणि आत तंतू पोखरले गेलेले असतात. वजनात शेकडा पाचची घट झाली, तर बळातील घट शेकडा पाचवर थांबत नाही. ती त्याच्या कित्येक पट होते.

आणि गंमत अशी की, ज्याला आपण येथे अवगुण म्हणतो, त्याच्याच जोरावर डिचोली तालुक्यात आमोण्याच्या भट्ट्या चालतात. तेथे खनिजातील लोखंडाला चिकटलेला ऑक्सिजन कोळशाकरवी काढून घेतात. कार्बनची ऑक्सिजनची ही ओढ नसती, तर आपल्याला लोखंड मिळाले नसते आणि पोलाद तर नाहीच. एकाच ओढीचे एका ठिकाणी आपण स्वागत करतो आणि दुसऱ्या ठिकाणी तिला बांध घालू पाहतो.

बांध कसला घालायचा? ज्याला अगोदरच पुरेसा ऑक्सिजन मिळालेला आहे, किंवा जो ऑक्सिजन मिळताच आपल्याभोवती काच पसरतो, अशा पदार्थाचा. आजीची राख या पहिल्या जातीतली. सोनारांच्या मुशीचेही हेच आहे. काळ्या ग्रॅफाइटची मूस वारंवार भट्टीत घातली तर जळून पातळ होते, म्हणून बनवणारे तिच्यावर काचेसारखी झिलई देतात. आधुनिक शास्त्रज्ञांनी निवडलेला मुख्य पदार्थ मात्र सिलिकॉन कार्बाइड हा आहे. तो आपल्याला अपरिचित नाही. चाकूसुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकात असतो. १८९१ साली अमेरिकेत अ‍ॅचेसन या गृहस्थाने तो कृत्रिम रीतीने तयार केला आणि त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. तापल्यावर त्याच्या पृष्ठभागातील सिलिकॉन ऑक्सिजन घेऊन सिलिका होतो, म्हणजे शुद्ध काच. हा पापुद्रा इतका दाट असतो की ऑक्सिजनला त्यातून वाट काढणे अतिशय कठीण जाते. थोडक्यात, अ‍ॅल्युमिनियमला निसर्गाने जे दिले, ते कार्बनला माणसाने उसने आणून दिले.

इतके सोपे असते तर हे भाषण येथेच संपले असते. खरी अडचण पुढे आहे, आणि ती समजावून देण्यासाठी मी वर्गात चिनी मातीची लोणच्याची जुनी बरणी घेऊन गेले होते. तिच्या झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडलेल्या होत्या. अशा बरणीत लोणचे फार दिवस टिकत नाही. खार आत मुरतो. चिरा का पडतात? भट्टीतून निवताना झिलई जास्त आकसते आणि आतली माती कमी आकसते; मग झिलईचे कापड अंगाला तोकडे पडते आणि फाटते. आदल्या वर्षी मुलांना डिचोलीच्या कुंभाराकडे नेले होते. पणत्या आणि मडकी यांवर तो झिलई देत नाही, तेव्हा हा प्रश्न त्याच्या वाट्याला येत नाही. पण ओल्या मातीत वाळू किती घातली म्हणजे मडके सुकताना उलत नाही, हे त्याने बोटांनी दाखवले होते. मुलांनी ते लक्षात ठेवले होते याचे मला बरे वाटले.

कार्बन-कार्बनचे नेमके हेच होते. कार्बन जवळजवळ आकसतच नाही. सिलिकॉन कार्बाइड त्याच्या दुपटी-तिपटीने आकसते. कवच हजार-बाराशे अंशांवर चढवायचे आणि मग थंड करायचे म्हटल्यावर त्यात चिरा पडणार, हे जवळजवळ ठरलेलेच. पुन्हा तापवले की कवच फुगते आणि चिरा मिटतात. अर्थात अतिशय तापलेल्या अवस्थेत धोका कमी आणि मधल्या, पाचशे ते आठशे अंशांच्या पट्ट्यात धोका अधिक, असा उलटा प्रकार. या पट्ट्यात कार्बन जळू लागलेला असतो आणि सिलिकेची काच मात्र अजून दगडासारखी घट्ट असते, चिरांत वाहून जात नाही.

मग शास्त्रज्ञांनी काय केले? सोनार डाग लावताना टाकणखार वापरतो, हे आपण पाहिलेच आहे. तापताच तो वितळून काचेसारखा पसरतो आणि सोन्याच्या सांध्याला हवा लागू देत नाही. टाकणखारात बोरॉन असतो. बोरॉनच्या ऑक्साइडची काच साडेचारशे अंशांच्या सुमारासच वितळते. म्हणून कवचाच्या आत बोरॉनची संयुगे मिसळून ठेवतात. चीर पडली, तिच्यातून ऑक्सिजन आत शिरला, की बोरॉन त्याला धरतो, काच होऊन वाहू लागतो आणि चीर बुजवतो. जखमेवर खपली धरावी तसे. पण या खपलीलाही एक खोड आहे: तिला ओल सोसत नाही. दमट हवेत बोरॉनची काच पाणी शोषून बोरिक आम्ल होते आणि पुढे तापली की वाफेबरोबर उडून जाऊ लागते. आपल्याकडे जूनपासून चार महिने मीठसुद्धा डब्यात पाझरते. तेव्हा ही खोड किती अडचणीची आहे, हे गोमंतकीयांना सांगायला नको. यावर तोड म्हणून बोरॉनबरोबर सिलिकॉन मिसळतात आणि दोन-तीन निरनिराळे थर एकावर एक चढवतात. एकही थर निर्दोष नसतो. एकाची उणीव दुसऱ्याने झाकायची.

विमानाच्या ब्रेकला इतका खटाटोप परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. चकत्या ज्या अंगाने एकमेकींवर घासतात, त्या अंगाला कवच देऊन उपयोग नाही. पहिल्या दिवशीच ते घासून जाईल. म्हणून कडा, भोके आणि चाकात अडकणाऱ्या खाचा यांवर फॉस्फेटयुक्त द्रावण मुरवून तापवतात, त्याची काच होते आणि तेथील कार्बनचे रक्षण करते. खाचा फार महत्त्वाच्या. त्या पोखरून तुटल्या तर चकती चाकाबरोबर फिरणार नाही आणि ब्रेक लागणार नाही. थंड देशांतील धावपट्ट्यांवर बर्फ वितळवण्यासाठी पोटॅशियमचे क्षार शिंपडतात. हे क्षार चकतीत मुरले की कार्बन कितीतरी कमी तापमानावर आणि अधिक वेगाने जळू लागतो. सोडियमही त्याच कुळातला, आणि समुद्राच्या मिठात तोच असतो.

ही मिठाची आणि क्षारांची गोष्ट मला दुसऱ्या एका प्रसंगाकडे नेते, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. आपल्याकडे सायंकाळचे साडेसात वाजत आले होते. कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीवर परत येत असताना अमेरिकेच्या आकाशात विखरून गेले. आत सात जण होते. त्यांत कर्नालची कल्पना चावला. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. सोमवारी दहावीच्या मुली रडवेल्या चेहऱ्याने बसल्या होत्या. कशामुळे झाले, असे त्यांनी विचारले. त्या दिवसांत जो तो यानाच्या पोटावरील उष्णतारोधक फरशांकडे बोट दाखवीत होता. मीही फळ्यावर यानाचे चित्र काढले, पोटावर चौकोन काढले आणि ठामपणे सांगितले, "या फरशा निखळल्या."

चौकशी मंडळाचा अहवाल त्या वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. उड्डाणानंतर सुमारे ब्याऐंशी सेकंदांनी बाहेरील इंधनटाकीवरचा फेसाचा एक तुकडा, सुमारे पाऊण किलोचा, सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता. ती कड फरशांची नव्हती, कार्बन-कार्बनची होती. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना नाक आणि पंखांच्या कडा सोळाशे अंशांच्या आसपास तापतात. तेथे दुसरे काही टिकत नाही. रेयॉनच्या कापडापासून बनवलेल्या त्या कार्बनच्या बाहेरच्या थराचेच सिलिकॉन कार्बाइडमध्ये रूपांतर केलेले असे आणि त्याच्या चिरांत काचेसारखे द्रव्य भरलेले असे. प्रत्येक पंखावर असे बावीस भाग. त्यांतील आठव्या भागाला भोक पडले. तप्त वायू त्यातून पंखात शिरला आणि आतले अ‍ॅल्युमिनियम वितळले. हा घात ऑक्सिजनचा नव्हता, आघाताचा होता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कवच ऑक्सिजनला अडवण्यासाठी केलेले. फेसाचा तुकडा त्याला भेदील असे कोणाला वाटले नव्हते. जुलैमध्ये टेक्सासात तसाच तुकडा तशाच भागावर तोफेने मारून पाहिला, तेव्हा सुमारे चाळीस सेंटिमीटरचे भगदाड पडले.

त्याच अहवालात एक लहानशी बाब आहे, ती मी आजही विसरत नाही. १९९२ साली कोलंबियाच्या या काळ्या कडांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके आढळली होती. शोध घेता असे दिसले की, समुद्रकाठच्या उड्डाणतळावरील लोखंडी मनोऱ्याला जस्तयुक्त रंग दिलेला होता. पावसाने तो धुपून जस्त यानावर ठिबकत असे आणि तापल्यावर तेच जस्त कवचाच्या काचेला खात असे. लोखंडाला गंजापासून वाचवणारा रंग कार्बनच्या कवचाला मारक ठरला. शिवाय तपासणीची रीत म्हणजे डोळ्यांनी पाहणे आणि हाताने चाचपणे. कुंभाराकडे मडके घेताना आपण बोटाने टिचकी मारून नाद ऐकतो, त्याहून फार पुढची नव्हे. आत पोखरलेले आहे की नाही हे न फोडता कळेल अशी साधने वापरा, असे मंडळाने बजावले.

अहवालाची हकिकत मी वर्तमानपत्रात वाचली, तोवर माझी ती दहावी परीक्षा देऊन पांगली होती. फळ्यावरचे चित्र पुसले गेले होते. त्यांच्या वह्यांतले तसेच राहिले.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८९ साली अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी झाली. पृथ्वीच्या वातावरणात पुन्हा शिरताना त्याच्या टोकाशी जे कवच असते, त्यासाठी आपल्या शास्त्रज्ञांनी कार्बन-कार्बनच साधला, कारण असली वस्तू कोणी विकत देत नव्हते. अलीकडची गोष्ट अधिक सुखावह आहे. एप्रिल २०२४ मध्ये इस्रोने जाहीर केले की, थुंब्याच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बनचे झोतनळे तयार केले आहे. आधी ते कोलंबियम या धातूच्या मिश्रधातूचे असे. नव्या नळ्याचे वजन पूर्वीच्या एक तृतीयांश भरते आणि त्यामुळे अग्निबाण पंधरा किलो अधिक भार वर नेऊ शकतो. पंधरा किलो म्हणजे अर्धे तांदळाचे पोतेही नव्हे, असे कोणी म्हणेल. पण कक्षेत नेण्याच्या एकेका किलोसाठी तेथे माणसे वर्षानुवर्षे खपतात. या नळ्यावर सिलिकॉन कार्बाइडचेच कवच आहे. महेंद्रगिरी येथे १९ मार्चला साठ सेकंद आणि २ एप्रिलला दोनशे सेकंद ते प्रत्यक्ष तापवून पाहिले. तापमान १२१६ केल्विन, म्हणजे सुमारे नऊशे चाळीस अंश सेल्सियसपर्यंत गेले आणि तेथे स्थिर राहिले.

सतराशे अंशांच्या पलीकडे मात्र सिलिकेची काचही वितळून वाहून जाते. त्यापुढच्या प्रदेशासाठी झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांची बोराइडे व कार्बाइडे तपासली जात आहेत. झिर्कोनियमचे खनिज केरळात चवराच्या काळसर वाळूत सापडते आणि हाफ्नियम त्याच्याच सोबतीने असते. या कवचांचे वजन फार, आणि चिरांचा जुना प्रश्न तेथेही सुटलेला नाही. म्हणून त्याविषयी अधिक सांगत नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. २००३ च्या त्या दहावीतले. आता मोपाला विमानतळावर कामाला आहेत. विमान थांबले की चाकांपुढे अडसर लावणाऱ्यांत ते असतात. मी त्यांना बाकावर बसवून घेतले आणि फळ्यावरच्या त्या चौकोनांची चूक बावीस वर्षांनी सांगितली. ते जरा ओशाळून हसले. वही कुठे गेली हे त्यांना आठवत नव्हते. मग म्हणाले, "बाई, उतरलेल्या विमानाच्या चाकाजवळ गेले की चुलीजवळ गेल्यासारखी धग लागते. आम्हांला ताकीद आहे, तापलेल्या चाकाकडे बाजूने जायचे नाही. पुढून नाही तर मागून जायचे. वैमानिकाकडे आकडा दिसतो. तीनशेच्या वर असला की पुन्हा उड्डाण नाही, ब्रेक निवेपर्यंत थांबायचे. प्रवासी खिडकीतून हातवारे करतात, उशीर का म्हणून."

त्यांच्या मुलाने मध्येच विचारले, "निवायला किती वेळ लागतो?"

"ते वाऱ्यावर आहे," ते म्हणाले, "सड्यावर वारा असला तर लवकर."